खणवाली नडीन

आमच्या साप पाळणाऱ्यांच्या क्लबात दोन पक्ष आहेत, खणवाले आणि काचवाले. निवडणुकीत कोण कुणाला मत देतं हे आम्ही एकमेकांना कधी विचारलेलं नाही. पण नवा माणूस दारातून आत आला की पहिला प्रश्न ठरलेला: साप कशात ठेवतोस, खणात की काचेत? त्याच्या उत्तरावर त्याला कॉफी कोण देणार ते ठरतं.

खणवाल्यांचं रॅक असतं. उंच मांडणी, तिच्यात एकावर एक सरकते प्लॅस्टिकचे खण, मागच्या बाजूनं ऊब देणारी पट्टी आणि एका खणात एक साप. तळाला वर्तमानपत्र, कोपऱ्यात पाण्याची वाटी, खण ढकलला की आत अंधार. काचवाल्यांचं टेरारियम असतं, म्हणजे मोठी काचपेटी, तिच्यात माती, वेली, फांद्या आणि वर दिवे. खणवाले आम्हाला माळी म्हणतात, आम्ही त्यांना कारकून म्हणतो. मी काचवाला आहे. हे आधीच सांगून टाकतो, नंतर मला कुणी लबाड म्हणायला नको.

नडीन पोलमन खणवाल्यांची पुढारी आणि माझी समोरची शेजारीण. मी आयुष्यभर मक्याच्या बियाण्याचा ट्रक हाकला, आणि तिनं गावच्या पोस्टात पत्रं लावली. भिंतभर खण, प्रत्येक खणावर नाव, आणि हातात आलेलं पत्र डोळ्यांनी पुरतं वाचायच्या आत त्या खणात गेलेलं. ही सवय तिच्या हाडात मुरली. तिच्या घरात मोज्यांना खण, स्क्रूंना खण, वाढदिवसाच्या मेणबत्त्यांनाही खण. नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत निघून गेला. त्याच्याबद्दल कुणी विचारलं तर ती म्हणते, चुकीच्या पत्त्यावर आलेलं पाकीट होतं, परत गेलं.

घराच्या मागच्या खोलीत तिनं स्वतः फळ्या कापून दोन रॅक उभी केली, जमिनीपासून जवळजवळ छतापर्यंत. त्यांत बॉल पायथन. हा आफ्रिकेतला लहानसा अजगर, चार-साडेचार फुटांचा आणि स्वभावानं अगदी लाजाळू. घाबरला तर चावायचं सोडून डोकं मधे घेऊन अंगाचा चेंडू करतो. नडीननं आपल्या सापांना टपालाच्या वाटेवरच्या गावांची नावं दिली होती: पाओली, जॅस्पर, व्हिन्सेन्स. सगळ्यात म्हातारी मादी लूगूटी. तिचं वय नडीनच्या मुलाच्या लग्नापेक्षा जास्त होतं.

क्लबाची सभा अग्निशमन ठाण्याच्या मागच्या खोलीत भरते. तिथं नडीनचं आणि माझं भांडण म्हणजे कार्यक्रमपत्रिकेत न छापलेला पण हमखास होणारा कार्यक्रम. मी म्हणायचो, बाई, तू साप पाळतेस की फायली? त्यांना कधी ऊन नाही, कधी फांदी नाही. ती म्हणायची, बॉल पायथन रानात वारुळात राहतो, वारुळाला खिडकी असते का? मी म्हणायचो, संध्याकाळी वारुळातून बाहेर पडून तो झाडावरही चढतो. ती म्हणायची, बॉल पायथन चढत नाही, तुझ्या वेली बघून चढत असेल तर पळून जायला. मग सगळे खणवाले हसायचे आणि माझी कॉफी गार व्हायची.

तर अशी ही नडीन गेल्या फेब्रुवारीत गॅरेजच्या पायरीवर बर्फावरून घसरली. गॅरेजात तिचा सापांच्या खाण्याचा फ्रीजर आहे, गोठवलेल्या उंदरांचा. मी खिडकीतून तिला पडताना पाहिलं आणि बूट न बांधताच रस्ता ओलांडून धावलो. ती उताणी पडली होती, तोंड पांढरंफटक, एक पाय भलतीकडे वळलेला, आणि छातीशी उंदरांची पिशवी घट्ट धरलेली. मी म्हटलं, हलू नकोस, गाडी बोलावतो. तर ती म्हणाली, आधी हे फ्रीजरमध्ये टाक, वितळतील. पडलं तरी नाक वर म्हणतात ते हेच.

खुब्याचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रिया झाली, मग काही आठवडे व्यायामाच्या दवाखान्यात गेले. तोवर तिच्या सापांचं मी बघत होतो, म्हणजे हात माझे आणि जीभ तिची. फोनवरून हुकूम सुटायचे: पाओलीचा कागद बदल, जॅस्परची वाटी उकळत्या पाण्यानं धू, आणि वेंडेल, खण पुरता ढकल, फट ठेवू नकोस. काचवाल्यानं रोज खणवाल्याची चाकरी करायची, हा माझ्या आयुष्यातला सगळ्यात अपमानाचा काळ होता, आणि मी तो खूप मन लावून काढला.

तिचा मुलगा क्लिंट इंडियानापोलिसला एका मोठ्या गोदामात मुकादम आहे. माणूस गरीब स्वभावाचा. आवाज कधी चढत नाही, पण मनात धरलं की सोडत नाही, म्हणजे शेवटी आईचाच मुलगा. घरी आणलं तेव्हा त्यानं सगळं ठरवून ठेवलं होतं. झोपायची खोली वरच्या मजल्यावर, जिना चढायचा नाही, म्हणून भाड्याचा दवाखान्यातला पलंग बैठकीच्या खोलीत मधोमध मांडला, रस्त्याकडच्या मोठ्या खिडकीसमोर, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला ती दिसत राहील आणि पडली तर लगेच कळेल. डॉक्टरांनी कमरेतून वाकायला सक्त मनाई केली होती. ज्या बाईचे निम्मे साप गुडघ्याखालच्या खणांत, तिला वाकू नको म्हणणं म्हणजे मासळीवालीला ओलं होऊ नको म्हणण्यासारखं.

क्लिंटच्या घराजवळ म्हाताऱ्या माणसांसाठी एक चांगली जागा होती. सगळं तळमजल्यावर, जेवण तयार, नर्स चोवीस तास. साप अर्थातच चालत नाहीत. सापांची पैदास करून विकणारा केंटकीचा एक माणूस सगळे साप रॅकसकट न्यायला तयार होता आणि एप्रिलच्या शेवटी त्याची व्हॅन यायची होती. क्लिंटनं हे आईला पलंगाच्या कडेला बसून, तिचा हात हातात घेऊन सांगितलं. मी दाराशी उभा होतो, म्हणून ऐकलं.

नडीननं हात सोडवून घेतला. ती म्हणाली की हे घर तिनं एकटीनं फेडलं, साप एकटीनं वाढवले आणि मुलगाही एकटीनंच वाढवला, आणि तिघांपैकी एकानंही तिला अजून घराबाहेर काढलेलं नाही. क्लिंटनं मान खाली घातली, पण हटला नाही. शेवटी एवढं ठरलं: आठवड्यातून तीनदा येणारी व्यायाम शिकवणारी शॅरिता जर व्हॅन येण्याआधी म्हणाली की नडीन नीट जेवते, वजन भरतंय, आधार धरून स्वतः चालते, तर तो गप्प बसेल. नाहीतर साप केंटकीला आणि आई इंडियानापोलिसला.

आणि चांगल्या मनानं त्यानं एक गोष्ट केली. एक मोठी काचपेटी विकत आणली, पुढून दार उघडणारी, टेबलावर ठेवली तर वाकावं लागणार नाही अशी, आणि ती पलंगासमोर मांडली.

"हे काय आणलंस?" नडीननं विचारलं.

"पेटी आहे, आई. मागच्या खोलीत तुला जाता येत नाही. एक तरी साप डोळ्यांसमोर असू दे."

"मी साप बघायला पाळत नाही, क्लिंट. सांभाळायला पाळते."

"मी तीस वर्षं या घरात ये-जा करतोय," क्लिंट म्हणाला. "मी तुझे साप बघितलेलेच नाहीत. मी नुसते डबे बघितलेत."

हे तो भांडायला म्हणाला नव्हता. लहानपणी त्याला मागच्या खोलीत जायची बंदी होती आणि मोठेपणी ती उठवायचं कुणालाच सुचलं नाही. नडीन खिडकीबाहेर बघत म्हणाली, बरं, लूगूटीला आण.

पेटी तिनं पडल्यापडल्या माझ्याकडून लावून घेतली. मी माझ्याकडून नारळाच्या काथ्याचं पोतं, वाकडी फांदी आणि लाकडाची साल घेऊन आलो होतो. ते सगळं तिनं परत पाठवलं. मला माळी व्हायचं नाही, म्हणाली. तळाला वर्तमानपत्र, कोपऱ्यात वाटी, एका बाजूला ऊब. काठाला काठ जुळवून, टपालखात्याला शोभेल असं. मी म्हटलं, अगं, लपायला तरी काहीतरी ठेव. ती म्हणाली, तीस वर्षांत माझ्या एकाही सापाला लपायला काही लागलेलं नाही. मीही मूर्ख, वाद घालून थकलो होतो, सोडून दिलं.

लूगूटी त्या लख्ख खोलीत, चारी बाजूंनी उघड्या काचेत, कोपऱ्याशी चेंडू होऊन बसली ती बसलीच.

तिनं खाल्लं नाही. मी उंदीर गरम पाण्यात वितळवून, चिमट्यात धरून तिच्यापुढे हलवला. तिनं तोंड फिरवलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. बॉल पायथन महिनोन् महिने उपाशी राहू शकतो हे सगळ्यांना माहीत आहे, पण ही म्हातारी होती, आणि पाठीचा कणा कातडीखालून वर दिसू लागला होता. नडीनचं मात्र तोंड उजळलं. ती येईल त्याला सांगायची, बघा, काचेत उपाशी मरतेय, मी काय म्हणत होते. क्लबातल्या दोन खणवाल्यांनी येऊन माझ्या पाठीवर थाप मारली, आणि ती थाप सांत्वनाची नव्हती.

मला राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. ही बाई वाद जिंकत होती आणि घर हरत होती. कारण नडीनही जेवत नव्हती. गावात कुणी आजारी पडलं की आमच्याकडे जेवणाचे डबे येतात, आणि नडीनकडे तर रीघ लागली होती. मेथडिस्ट चर्चच्या बायकांनी कुस्करलेल्या बटाट्यावर कोंबडीच्या नूडल्स आणल्या, ओव्हनमध्ये भाजलेलं शेंगांचं कॅसरोल आणलं, पर्सिमनच्या फळांचं पुडिंग आणलं. ती दोन घास खायची आणि ताटली सरकवायची. आम्ही दुखण्याच्या गोळ्यांना दोष देत होतो. शॅरिता वजनकाटा घेऊन यायची आणि आकडा बघून चुकचुकायची. ही शॅरिता धिप्पाड, हसरी बाई, पण सापाला एवढी घाबरायची की पेटीकडे पाठ करून व्यायाम शिकवायची.

"नडीनबाई, मी खोटं लिहिणार नाही," तिनं एकदा स्पष्ट सांगितलं. "तुमचं वजन उतरतंय. तुमच्या मुलानं मला विचारलं तर मी हेच सांगणार."

"मी तुला खोटं लिही म्हटलं का?" नडीन म्हणाली. पण त्या दिवशी तिनं व्यायामही अर्धाच केला.

व्हॅन यायला दोन आठवडे उरले होते तेव्हाची गोष्ट. दुपारी चर्चच्या बायका घोळक्यानं आल्या. पलंगाभोवती उभ्या राहिल्या, हातात सुपाची वाटी दिली आणि खा गं, खा, एवढा चमचा घे, म्हणत प्रत्येक घासाला तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. खिडकीतून टपालवाला हात करून गेला. पलीकडच्या घरातली कुत्र्याला फिरवणारी बाई थांबली आणि तिनंही हात केला. मी कोपऱ्यात पेटीची वाटी बदलत होतो. भीक नको पण कुत्रं आवर असं मलाच म्हणावंसं वाटलं. बायका गेल्या, सूप होतं तेवढंच राहिलं, आणि नडीननं पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं.

मला वाटलं, रडतेय. चाळीस वर्षांच्या शेजारात मी तिला रडताना पाहिलं नव्हतं, म्हणून काय करावं ते कळेना. मी पेटीचं दार लावलं. आत लूगूटीनं वर्तमानपत्राची कड नाकानं उचलून डोकं कागदाखाली खुपसलं होतं. बाकी सगळं अंग उघडं, डोकं तेवढं झाकलेलं.

पांघरुणातून आवाज आला. "वेंडेल. ती काय करतेय?"

"डोकं कागदाखाली घालून बसलीय."

पांघरूण खाली आलं. केस विस्कटलेले, डोळे लाल, आणि चेहऱ्यावर पोस्टात चुकीच्या खणातलं पत्र सापडल्यावर यायचा तो भाव.

"आम्हा दोघींना उघड्यावर टाकलंय रे," ती म्हणाली. "खणात ठेवलेल्या सापाला वेगळं बीळ लागत नाही, कारण खण हेच बीळ. म्हणून मी कधी ठेवलं नाही. आणि काचेत घातली तरी ठेवलं नाही. काचेचा काय दोष? मी काचेत खणासारखी वागले."

मी तोंड उघडलं.

"एक शब्द बोललास तर वाटी फेकून मारीन," ती म्हणाली. "तुझी ती साल घेऊन ये. फांदीपण. आणि पानं. अंगणातली ओकची वाळकी पानं, भरपूर."

पानं बाहेरून आणली की त्यांत किडे असतात, म्हणून आम्ही ती आधी ओव्हनमध्ये भाजून घेतो. साप पाळणाऱ्याच्या घरात हे कुणाला नवीन नाही. मी नडीनच्या स्वयंपाकघरात पत्र्यावर पानं पसरून ओव्हनमध्ये घातली, फांदी तिरकी करून वरच्या कप्प्यात कोंबली, आणि घरभर जळक्या पाचोळ्याचा वास सुटला. नेमका तेव्हा क्लिंट शनिवारचा आला. दारातच थबकून त्यानं विचारलं, काय शिजतंय? नडीननं सांगितलं, झाड. तो माझ्याकडे बघत राहिला आणि मी मान हलवली, कारण ते खरंच होतं.

पेटीच्या तीन बाजूंना काळा कागद लावला. तळाला पानांचा चार बोटं थर, गरम बाजूला एक फुटकी कुंडी पालथी घातली, गार बाजूला सालीची गुहा, वर फांदी आडवी. लूगूटीला सोडलं तशी ती जीभ काढत चहूकडे हिंडली आणि फुटक्या कुंडीच्या भोकातून आत शिरली. शेपटीचं टोकसुद्धा दिसेना.

"आता मला," नडीन म्हणाली.

तिला पलंग कोपऱ्यात हवा होता, काचेच्या भांड्यांच्या कपाटामागे, भिंतीला लागून, मोठ्या खिडकीचा पडदा कायमचा ओढलेला आणि समोर दोरीवर चादर. क्लिंटला ते अजिबात पटलं नाही. आडोशाला पडलीस तर कुणाला दिसणार, म्हणाला. मग शॅरिता आली. क्लिंटला वाटलं आता तरी कुणीतरी शहाणपणानं बोलेल, पण तिनं सगळं ऐकून घेतलं, पेटीकडे एकदा चोरून पाहिलं आणि म्हणाली की लहानपणी मावशी तिच्या ताटाकडे टक लावून बसायची तेव्हा तिच्याही घशाखाली घास उतरत नसे. पडायची भीती असेल तर चादरीशेजारी घंटा टांगा. क्लिंटनं दोरी बांधली, चादर टाकली, घंटा टांगली. आईचं सगळं सामान हाताच्या अंतरावर लावलं, पाणी, चष्मा, रेडिओ, प्रत्येक वस्तू आपापल्या जागी. तिनं बघितलं आणि म्हणाली की त्याला पोस्टात नोकरी मिळाली असती.

दोन दिवसांनी मी उंदीर वितळवून आणला. पेटीचं दार हळूच उघडून चिमटा कुंडीच्या तोंडाशी धरला. आतून काही हललं नाही. मी हात मागे घेणार एवढ्यात कुंडी ठणकन वाजली, चिमटा हातातून हिसकला गेला आणि लूगूटीनं उंदराला तीन वेढे घातले.

"घेतलं का?" चादरीमागून आवाज आला.

"घेतलं."

"बाजूला हो. तिच्याकडे बघत राहू नकोस." मी बाजूला झालो. ती म्हणाली, "फ्रीजमध्ये काय आहे?"

कोंबडीच्या नूडल्स होत्या, आदल्या दिवशीच्या. तिनं गरम करू दिल्या नाहीत. चादरीआड, थंड, डब्यातूनच खाल्ल्या. मी बाहेर खुर्चीवर बसून चमच्याचा आवाज ऐकत होतो, आणि मला एवढा आनंद झाला की तो सांगायला लाज वाटते. डबा रिकामा परत आला, वर पुडिंगची विचारणा आली.

त्यानंतर ती जेवत गेली. चर्चच्या बायकांना चादरीच्या या बाजूला बसवून गप्पा मारायची, जेवायच्या वेळी पाठवून द्यायची. चालणं मात्र रखडलं होतं. शॅरिता चार पावलं म्हणायची, नडीन दोन टाकायची, आणि आडोसा आता एवढा आवडला होता की बाहेर यायलाच मागेना. मग एके दिवशी संध्याकाळी, शॅरिता निघायच्या बेतात असताना, मी पेटीपाशी होतो आणि माझ्या तोंडून हसू फुटलं.

"काय झालं?" नडीननं चादरीमागून विचारलं.

"काही नाही. बॉल पायथन चढत नाही म्हणतात ना, त्याचं हसू आलं."

"खोटं."

"ये आणि बघ."

पलंग कोपऱ्यात गेल्यापासून तिथून पेटीचा वरचा भाग दिसत नव्हता. चादरीमागे खडखड झाली, चालायच्या वॉकरची चौकट जमिनीवर आपटली, शॅरिता धरायला धावली तर तिला हातानंच दूर केलं, आणि नडीन बाहेर आली. एक पाऊल, थांबा, दुसरं पाऊल, थांबा, ओठ दाताखाली. खोली ओलांडून ती पेटीपाशी पोचली. वरच्या फांदीवर लूगूटी लांबच लांब पसरली होती, अर्धं अंग हवेत झोकून, मान उंच, जीभ काढून काचेपलीकडच्या जगाचा वास घेत. एवढ्या वर्षांत ती इतकी लांब असेल हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

नडीन चौकट धरून उभी राहिली. बसते काही म्हणाली नाही.

"एवढी वर्षं," ती शेवटी म्हणाली, "आणि खणाला उंचीच दिली नव्हती मी." मग शॅरिताकडे वळून म्हणाली, "किती पावलं झाली ते लिहून घे. उद्या पाओलीलाही बघायला जायचंय."

शॅरिता पेटीपासून हातभर अंतरावर उभी होती, पाठ न करता. ती म्हणाली की तिच्यासमोर कुणी पेशंट सापासाठी चालला असं तिनं आजवर लिहिलेलं नाही, पण लिहील.

व्हॅन ठरल्या दिवशी आली. केंटकीचा माणूस ऑर्व्हिल, दाढीवाला, नम्र, टोपी हातात घेऊन आत आला. क्लिंट स्वयंपाकघरात उभा. शॅरितानं काट्यावरचा वाढलेला आकडा मोठ्यानं वाचला, आणि कुणी विचारायच्या आत नडीन चौकट टेकत टेकत मागच्या खोलीकडे निघाली. आम्ही सगळे वरातीसारखे तिच्या मागे. तिथं तिनं वरच्या खणांतला एक ओढला, साप उचलायच्या वाकड्या काठीनं पाओलीच्या पाठीवर हलकी टिचकी दिली, म्हणजे त्याला कळावं की हे जेवण नाही, हात आहे, आणि दोन्ही हातांनी उचलून त्याला क्लिंटच्या हातांवर ठेवलं. क्लिंटचे खांदे वर चढले. पाओलीनं त्याच्या मनगटावरून जीभ फिरवली आणि संथपणे बाहीकडे निघाला. तसे ते हळूहळू खाली आले.

"गरम आहे हा," तो म्हणाला.

"वरचे माझ्या हातात येतात," नडीन म्हणाली. "खालचे येत नाहीत. म्हणून ही रॅक मधोमध कापायची, अर्धी शेजारच्या तुझ्या जुन्या खोलीत न्यायची, आणि दोन्हीकडे खाली विटा देऊन कमरेच्या उंचीला आणायची. तुझे बास्केटबॉलचे कप घेऊन जा. प्रत्येक खणात एकेक कुंडी घालायची. आणि दरवर्षी एकेकाला काचेत. मला फांद्या वेंडेल देईल, त्याच्याकडे तेच आहे."

ऑर्व्हिलनं टोपी डोक्यावर घातली. नाराज झाला असेल, पण तसं दाखवलं नाही. त्यानं रॅकच्या फळीवर बोट टकटक वाजवलं आणि विचारलं की करवत आहे का, कारण त्याच्या व्हॅनमध्ये आहे.

क्लिंट अजून पाओलीला धरून उभा होता. आईकडे पाहिलं, तिच्या चौकटीकडे पाहिलं, तिच्या भरलेल्या गालांकडे पाहिलं. त्याचे डोळे पाणावले होते आणि ते पुसायला त्याच्याकडे रिकामा हात नव्हता.

"आई," तो म्हणाला, "तू इथंच राहा."

"मग कुठं जाणार होते?" नडीन म्हणाली. "त्याला खणात ठेव आणि खालच्या फळीचं ते टोक धर. सरळ धर. आत जॅस्पर आहे."